एक्केचाळीस नंबरची वेल

संशोधन या शब्दाबद्दल मला आदर होता, तेव्हा मी संशोधन करत नव्हते. करायला लागल्यावर वर्षभरात तो आदर निम्म्यावर आला. उरलेला निम्मा आमच्या सरांनी उतरवला.

सर मोठे होते. म्हणजे त्यांच्या खोलीबाहेरची पाटी मोठी होती, आणि तिच्यावर इतक्या पदव्या होत्या की नाव शोधावं लागे. धारवाडबाहेर रायापूरच्या बाजूला, हुबळी रस्त्यावर, एका इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर आमची प्रयोगशाळा होती. तिथे तीन फ्रीज, दोन मशिनं आणि 'चपला बाहेर काढा' असं तीन भाषांत लिहिलेलं होतं. सर तेवढे चपला घालून आत येत.

माझा विषय होता रानटी करटुल्यांमधली विविधता, आणि ती मोजण्यासाठी मार्कर तयार करणे. करटुली म्हणजे पावसाळ्यात थोडे दिवस बाजारात येणारी ती लिंबाएवढी काटेरी भाजी. आमच्याकडे कन्नडमध्ये तिला मडहागल म्हणतात. जमिनीखाली तिचा गड्डा असतो, वेल दिवाळीनंतर वाळून जाते आणि पुढच्या पावसात त्याच गड्ड्यातून पुन्हा वर येते. तिला कुणी लावत नाही, ती रानात आपोआप वाढते, असं पुस्तकात होतं. मीही ते वाक्य प्रस्तावाच्या पहिल्याच पानावर लिहिलं होतं, आणि त्याखाली पाच संदर्भ दिले होते. त्या पाचही जणांनी एकमेकांचंच वाचून लिहिलेलं होतं.

मार्कर हा काही फार गूढ प्रकार नाही. डीएनएमध्ये काही ठिकाणी तीच दोन-तीन अक्षरं पुन्हा पुन्हा येतात. किती वेळा येतात, ते झाडागणिक वेगळं असतं. अशी एकेक जागा शोधून काढायची, तिची लांबी मोजायची, आणि त्यावरून दोन झाडं सारखी की वेगळी ते सांगायचं. जेलवर, म्हणजे एका पातळ पारदर्शक थरावर, या लांबीची एक पट्टी उमटते. वेगळं झाड असेल तर पट्टी वर-खाली सरकते.

माझे वडील, अप्पा, धारवाडच्या कोर्टात वकिली करतात. मी त्यांना हे सगळं तासभर समजावलं, तर म्हणाले, "म्हणजे करटुल्यांच्या वारसाचा दावा की गं!" मी चिडून जेवणावरून उठले. आता वाटतं, माझ्या पीएचडीच्या अख्ख्या समितीत विषय कळलेले ते एकटेच होते, आणि ते समितीत नव्हते.

या मार्करांवर माझी पीएचडी टांगलेली होती. त्यांनी वेली वेगवेगळ्या ओळखल्या तर पदवी. नाही ओळखल्या तर चार वर्षं पाण्यात, आणि मग कुठल्याशा कॉलेजात तासावर शिकवण्याची नोकरी. सर हे मला दर सोमवारी सांगत, मी विसरू नये म्हणून.

नमुने गोळा करायला आम्ही पावसात अळणावरच्या बाजूला गेलो. जीपमध्ये पुढे सर, मागे मी आणि पानं वाळवायच्या पिशव्या. जंगल रस्त्यापासून हाकेच्या अंतरावर होतं. मधे चिखल होता आणि चिखलात जळवा होत्या, म्हणून जंगलात जायचं राहूनच गेलं. सर काचेआडून गावातल्या कुंपणांकडे बोट दाखवत, मी उतरून पान तोडत असे.

"सर, ही गावातली आहेत. रानटी म्हणायची का?" मी एकदा विचारलं होतं. हे मी माझ्या बाजूने सांगते आहे असं नाही. विचारलं, आणि मग गप्प बसले, हेही सांगते.

"नोडम्मा," म्हणजे 'बघ गं', सर म्हणाले, "करटुली कुणी पेरतं का? नाही. मग रानटीच."

सहा गावं, प्रत्येक गावात दहा वेली, असे साठ नमुने. प्रत्येक गावाला मी 'रानटी समूह एक', 'रानटी समूह दोन' अशी नावं दिली. गावांना स्वतःची नावं होती, ती मी कंसात टाकली. दारात उभ्या बाया बघत होत्या. तिसऱ्या गावात एका म्हाताऱ्या बाईने आम्हाला टोपलीभर करटुली दिली. घरी आणून आईने ती कांदा-खोबरं घालून परतली, आणि मी दोनदा वाढून घेतली. त्या बाईला मी तेव्हा धड पाहिलंही नव्हतं. माझ्या वहीत तिची नोंद 'समूह तीन, घराजवळ' एवढीच होती.

मग दीड वर्ष जेल. तीस मार्कर तयार केले मी, आणि त्यांतले एकोणतीस मार्कर एकच गोष्ट सांगत होते. एकोणसाठ पट्ट्या एका सरळ रेषेत, जणू पट्टी ठेवून ओढलेल्या. फक्त एक्केचाळीस नंबर वेगळा. दर वेळी, प्रत्येक मार्करला, एकटा एक्केचाळीस ओळीतून बाहेर.

सरांनी जेल उजेडाकडे धरलं आणि म्हणाले, "तुझा हात वाईट आहे."

मी हात बदलू शकत नव्हते, म्हणून मी बाकी सगळं बदललं. रसायनं बदलली, तापमान बदललं, पाणी बदललं. रेष तशीच. सरांचा निकाल झाला की मार्कर निकामी आहेत, त्यांना विविधता दिसत नाही. आणि एक्केचाळीस? "तिथे घाण मिसळली असेल." एकोणसाठ वेली का जुळतात याची त्यांना शरम वाटत होती, आणि एक का जुळत नाही याची मला.

तिसावा मार्कर मात्र सरांचा लाडका निघाला. त्याच्या पट्ट्या साठ जागी साठ तऱ्हेने नाचत होत्या. सर खुर्चीतून उठले. गेल्या दीड वर्षात मी त्यांना उठताना पाहिलं नव्हतं. "ही बघ विविधता!" त्या दिवशी सगळ्या प्रयोगशाळेला चुरमुऱ्यांचं गिरमिट खायला मिळालं.

मला शंका आली, म्हणून मी सात नंबरची वेल त्याच मार्करने तीनदा तपासली. तीनदा तीन वेगळ्या पट्ट्या आल्या. म्हणजे हा मार्कर वेलीबद्दल काही सांगतच नव्हता, मनाला येईल ते बडबडत होता. मी तीन जेल घेऊन सरांकडे गेले. त्यांनी ती पाहिली, माझ्याकडे पाहिलं, आणि प्रेमाने म्हणाले, "नोडम्मा, पुन्हा पुन्हा करू नकोस."

आणि मी केलं नाही. एकोणतीस खऱ्या मार्करांच्या नळ्या एका डब्यात भरल्या, डब्यावर 'फालतू' लिहिलं आणि फ्रीजच्या तळाशी ढकलला. थापाड्या मार्करवर एक भलंमोठं पोस्टर केलं. हुबळीतल्या एका संमेलनात त्याला प्रशस्तिपत्र मिळालं, सरांनी ते तिथल्याच दुर्गदबैलाच्या बाजारात फ्रेम करून आणलं आणि पाटीच्या शेजारी लावलं. माझंही नाव होतं त्यावर, खाली, बारीक. घरी आईने फोटो बघून सगळ्या नातेवाइकांना पाठवला. मी तिला काही बोलले नाही. दीड वर्ष खरं बोलून मला शिव्या मिळाल्या होत्या, आणि एका थापेला फ्रेम.

पुढच्या पावसाळ्यात पानं संपली. सरांना शोधनिबंध हवा होता, त्यासाठी त्याच साठ वेलींची ताजी पानं हवी होती. पाऊस जोरात असल्याने सर आले नाहीत. ड्रायव्हर अण्णा आणि मी, दोघंच निघालो.

तिसऱ्या गावात मी कुंपणाशी पान तोडायला हात घातला, तर मागून आवाज आला.

"किती येळा नेणार गं त्याच वेलीचं पान?"

पहिल्या खेपेला टोपलीभर करटुली देणारी तीच बाई. साठी कधीच उलटलेली, एक गुडघा धरून चालणारी. गावात तिला सगळे अक्का म्हणत, म्हणून मीही अक्का म्हटलं.

"नाही अक्का, दोन वर्षांपूर्वी इथलं एकच नेलं होतं. बाकीची दुसऱ्या वेलींची."

"दुसरी कुठली? पुढच्या घरात बी हीच, पुढच्या गावात बी हीच. जीप घेऊन साऱ्या मुलखात फिरालीस, आणि पान एकाच वेलीचं तोडालीस."

"हीच म्हणजे?"

"हीच म्हणजे हीच. माझ्या आईची वेल." मला काही कळत नाही हे तिला कळलं, आणि ती पायरीवर टेकली. "लेक सासरी निघाली की ओटीत नारळासंगं एक गड्डा घालतो आमी. तिनं तिथल्या कुंपणाला लावायचा. मला आईनं दिला, आईला तिच्या आईनं. माझ्या चार लेकी, दोघी नणंदा, भाच्या, सगळ्या इथंच चार-सहा गावांत दिल्यात. चांगली वेल बघून शेजारणी मागतात, त्यास्नी बी देतात. वर्सातनं एकदा आई लेकीकडं जाते, तवा आधी कुंपण बघते, मग लेकीचं तोंड."

"आधी कुंपण का?"

"तोंड कसं बी हसतंय गं. वेल हसत न्हाई."

मी चिखलात तशीच उभी राहिले. माझ्या प्रस्तावाचं पहिलं पान, त्यावरचे पाच संदर्भ, सहा रानटी समूह, सगळं त्या पायरीवर पाच मिनिटांत निकालात निघालं. आणि आणखी एक गोष्ट तेव्हाच डोक्यात उजाडली, तिची लाज अजून जात नाही. करटुल्यात नर वेल वेगळी आणि मादी वेल वेगळी असते. हे पहिल्या वर्षाच्या पोरालाही माहीत असतं. रानात निम्मे नर असणार. आमच्या साठच्या साठ वेलींना फळं होती. आम्ही दोघं वनस्पतिशास्त्राचे पंडित ती फळं बघत होतो, टोपलीत घेत होतो, कांदा-खोबरं घालून खात होतो, आणि सगळ्याच माद्या कशा, असं दोघांनाही वाटलं नाही.

"अक्का, मग नर वेल कुठं असते?"

"रानात. कुंपणाला कशाला पायजे तो? फळ ना भाजी. सकाळी रानातनं चार फुलं आणायची, ह्या फुलांवर टेकवायची, झालं. बाकी येळ त्यो रानातच बरा."

मी हसले. फार दिवसांनी इतकी मोकळी हसले. कारण एव्हाना लक्षात आलं होतं की माझा हात वाईट नव्हता, माझे मार्करही वाईट नव्हते. एकाच वेलीचे गड्डे सहा गावांत पसरलेले, मार्करांनी एकोणसाठ वेळा एकच उत्तर द्यायला हवं होतं आणि ते त्यांनी दिलं होतं. त्या 'फालतू' डब्यात माझी पीएचडी होती. मला आनंद पोटात ठेवता येईना.

"अक्का, आमच्या मशिनला हे आधीच कळलं होतं! आम्हालाच कळलं नाही. साठातल्या एकोणसाठ वेली एकच आहेत, असं मशिनने सांगितलं होतं."

"बघ की!" अक्काला मनापासून आनंद झाला. "मशीन हुशार हाय की तुमची. आणि साठावी?"

इथे मी थांबायला हवं होतं. पण दीड वर्ष मला कुणी शहाणी म्हटलं नव्हतं.

"एक तेवढी वेगळी आहे. एक्केचाळीस नंबरची. पाचव्या गावात शिरताना पहिलंच घर, मारुतीच्या देवळासमोरचं. ती खरी रानातली. बाकी सगळ्या तुमच्या आईच्या."

गुडघ्यावरचा हात अक्काने काढून घेतला, पुन्हा ठेवला.

"ते धाकटीचं घर," ती म्हणाली.

पाऊस थांबला होता. अण्णाने जीप चालू करून बंद केली.

"तीन वर्सं झाली, गुडघा धरल्यापासनं मी गेले न्हाई तिच्याकडं. फोनवर सांगतीया, आई, वेल जोरात आलीया, कुंपण दिसंना झालंय." अक्का उठली. "मशीन चुकत न्हाई न्हवं?"

साठ वेली, एकोणतीस मार्कर, दीड वर्ष. एक्केचाळीस नंबर मी स्वतः अकरा वेळा तपासला होता. सरांचं "घाण मिसळली असेल" हे वाक्य मला तेव्हा आठवलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा ते उच्चारावंसं वाटलं. पण अक्का माझ्या तोंडाकडे बघत होती, आणि मला उशीर झाला.

ती घरामागे गेली. कुंपणाच्या बुडातून खुरप्याने एक गड्डा काढला, ओल्या फडक्यात गुंडाळला आणि माझ्या हातात दिला. "तिकडंच चाललीस न्हवं? एवढं दे तिला. मला कळलंय म्हणून सांगू नको. आईकडं जादा झाला, म्हणून पाठवलाय म्हण."

पाचव्या गावातल्या त्या घराला पुढून नवी सिमेंटची भिंत होती, बाजूने जुनं काटेरी कुंपण. धाकटी माझ्याच वयाची असेल. मी तिला ते फडकं दिलं आणि शिकवलेलं वाक्य म्हटलं.

"जादा?" ती म्हणाली. "आमच्या आईकडं जादा काय बी नसतंय." तिने आत एकदा बघितलं, आणि गड्डा परत माझ्या हातात ठेवला. "घेऊन जावा म्याडम. आईची वेल सासूबाईंनी दोनदा उपटली. माहेरचं माहेरात, म्हटल्या. मग मी रानातनं ही आणून लावली आणि आपोआप उगवली म्हणून सांगितलं. आपोआप आलेलीला कोण काय बोलत न्हाई." ती कुंपणावरच्या वेलीकडे बघत होती, माझ्या एक्केचाळीस नंबरकडे. "आई आली तर दिसायला पायजे न्हवं काय तरी. तुम्ही आईला काय सांगितलंत काय?"

"नाही," मी म्हटलं.

"नका सांगू. गड्डा लावला म्हणून सांगा."

जीपमध्ये तो गड्डा मांडीवर घेऊन मी बसले. सरांना, समितीला, पोस्टरला नावं ठेवत मी दोन वर्षं काढली होती, आणि त्यातला शब्दही मागे घ्यायचं कारण नाही. पण त्यांच्या थापेने कुणाच्या घरात काही मोडलं नव्हतं. माझ्या एका खऱ्या वाक्याने मोडलं होतं, आणि ते वाक्य मी फक्त मिरवायला बोलले होते. अण्णाने दोनदा विचारलं काय झालं म्हणून. मी त्याला जळू चावली असं सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सरांना सगळं सांगितलं, धाकटीचं सोडून. ते म्हणाले, "म्हणजे आपले सहा समूह?"

"एक आई आणि तिच्या लेकी, सर."

"हे कुठं छापून येणार नाही." आठवडाभराने मात्र ते बाहेरच्या लोकांना सांगत होते की मला पहिल्यापासून शंका होती, मीच मुलीला पुन्हा पाठवलं. फ्रेम अजून भिंतीवर आहे. मी मात्र त्याच पावसाळ्यात जळवांना पाय देत खऱ्या रानात शिरले. 'फालतू' डबा बाहेर काढला, आणि रानातल्या वेलींवर ते एकोणतीस मार्कर असे चालले की प्रत्येक वेल वेगळी उमटली, नरांसकट. पदवीचं झालं.

गड्ड्याचं काय करावं ते कळेना. फेकवेना. केलगेरीला आमच्या घराच्या गच्चीत, पाण्याच्या टाकीच्या आडोशाला, मी तो एका कुंडीत लावला आणि रोज सकाळ-संध्याकाळ पाणी घातलं. पुढच्या पावसात वेल आली. मी तिचं पान तपासलं, एकोणतीसही मार्करांनी. जुळलं.

श्रावणात अक्काला भेटायला गेले. प्रबंध दाखवायला, असं मी स्वतःला सांगितलं होतं. तिने तो हातात घेऊन वजन बघितलं आणि परत दिला.

"धाकटीनं लावला काय गं गड्डा?"

"लावला."

"आला?"

"आला. मी मशिनवर तपासला अक्का. जुळला." आणि मी पिशवीतून पान काढून तिच्या हातावर ठेवलं. पुरावा म्हणून नेलं होतं. वकिलाची मुलगी मी.

अक्काने पान उजेडात धरलं, उलटं केलं, बोटांत चुरडून वास घेतला. "आपलीच हाय," ती म्हणाली, आणि माझा जीव भांड्यात पडला. तिने ते पान आणखी एकदा उलटं केलं. देठ दाबून बघितला. मग माझ्याकडे बघितलं, बराच वेळ, रागावून नव्हे.

"कुंपणाची न्हाई ही. ऊन न बघितलेली हाय, कुंडीतली." तिने पान माझ्या हातात परत दिलं आणि माझी बोटं त्यावर मिटवली. "पाणी कमी घाल गं. गड्डा कुजंल."